प्रकल्प नोंदी: ताऱ्याचा रंग कॅमेऱ्यानं मोजून तापमान काढायचं, कुठपर्यंत जमतं ते बघू

११ जानेवारी

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते, नाहीतर महिन्याभरात कशासाठी करतोय तेच विसरायला होतं. ताऱ्याचा रंग म्हणजे त्याच्या पृष्ठभागाचं तापमान, तांबूस म्हणजे कमी, निळसर म्हणजे जास्त, हे शाळेपासून पाठ आहे. पण पाठ असणं वेगळं आणि स्वतःच्या कॅमेऱ्यातून एक आकडा काढून त्यावरून हा तारा अमुक केल्विनचा असं म्हणता येणं वेगळं. ते करून बघायचंय. आणि जमलं तर कुठपर्यंत जमतं तेही, कारण मला दाट शंका आहे की ही मोजपट्टी सगळीकडे सारखी चालत नसणार.

सामान साधंच: डीएसएलआर, ५० मिमीची लेन्स, ट्रायपॉड, रिमोट. ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवत ठेवणारं यंत्र, नाही. आत्ता रात्री मृग नक्षत्र छान वर असतं त्यामुळे यादी सोपी आहे, काक्षी (बीटलज्यूस) आणि राजन्य (रायजेल) हे तारे एकाच नक्षत्रात दोन टोकांना, वर रोहिणी, आणखी वर ब्रह्महृदय, खाली व्याध, बाजूला प्रश्वा. एवढ्यात लालपासून निळ्यापर्यंत सगळं येतं.

खगोलवाले रंग शब्दात सांगत नाहीत, आकड्यात सांगतात. १९५३ साली जॉन्सन आणि मॉर्गननी बसवलेली पद्धत अजून चालते: निळ्या फिल्टरमधून, म्हणजे ४४० नॅनोमीटरच्या आसपास, तारा किती प्रतीचा दिसतो (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा लहान तेवढा तारा ठळक) ते मोजायचं, मग हिरव्या-पिवळ्यातून, ५५० च्या आसपास, तेच मोजायचं, आणि पहिल्यातून दुसरं वजा करायचं. याला बी वजा व्ही म्हणतात. अभिजित (व्हेगा) हा तारा शून्यावर येईल असं जुळवलेलं आहे. आकडा जेवढा मोठा तेवढा तारा लालसर, ऋण आला तर अभिजितपेक्षा निळा. काक्षी १.८५, रोहिणी १.५४, ब्रह्महृदय ०.८०, प्रश्वा ०.४२, व्याध ०.००, राजन्य उणे ०.०३. आपला सूर्य यात साधारण ०.६५ ला बसतो.

कॅमेऱ्यात निळा आणि हिरवा चॅनेल असतोच. तो काही जॉन्सनचा फिल्टर नाही, पण जवळचा नातेवाईक आहे.

१४ जानेवारी

फोकस. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि नेहमीच्या सवयीच्या बरोब्बर उलटा. आपण तारे टाचणीच्या टोकाएवढे बारीक यावेत म्हणून धडपडतो आणि तिथेच रंग मरतो. एक तर सगळा प्रकाश चार-सहा पिक्सेलवर पडतो, ते भरून वाहतात, तिन्ही चॅनेल कमाल आकड्याला टेकतात आणि तारा पांढराफट्ट दिसतो. दुसरं म्हणजे सेन्सरवरचे पिक्सेल स्वतः रंगीत नसतात, त्यांच्यावर जाळी असते, दर चार पिक्सेलमागे दोन हिरवे, एक लाल, एक निळा, आणि ठिपका फारच बारीक असला तर तो नेमका कुठल्या रंगाच्या पिक्सेलवर पडला त्यावर त्याचा रंग ठरतो, ताऱ्यावर नाही. म्हणजे निव्वळ लॉटरी.

म्हणून लेन्स मुद्दाम फोकसबाहेर काढली. ताऱ्याची तीसेक पिक्सेल रुंदीची गोल तबकडी झाली आणि स्क्रीनवर काक्षीची तबकडी अशी काही केशरी दिसली की बघतच बसावं. शेजारच्या फ्रेममधला राजन्य फिकट निळसर. डेव्हिड मॅलिन या फोटोग्राफरनं हीच युक्ती पुढे नेऊन एकाच फोटोत टप्प्याटप्प्यानं फोकस बिघडवत मृगाचे ताऱ्यांचे फराटे घेतलेत, प्रत्येक फराटा रुंद होत जातो तसतसा रंग उलगडतो. तो फोटो बघितला की आकाश पांढऱ्या ठिपक्यांचं आहे असं परत कोणी म्हणणार नाही.

सेटिंग लिहून ठेवते: आयएसओ ८००, एफ ४, दोन ते चार सेकंद, रॉ फाइल, म्हणजे सेन्सरचे आकडे जसेच्या तसे. जेपेग अजिबात नाही, कारण जेपेगमध्ये कॅमेरा स्वतःची अक्कल चालवतो, व्हाइट बॅलन्स लावतो, उजेडाचा कर्व्ह वाकवतो, मग मोजायला काही उरत नाही. १४ बिटची फाइल म्हणजे कमाल १६,३८३, पण तबकडीतला सगळ्यात उजळ पिक्सेल १२,००० च्या वर जाऊ द्यायचा नाही असा नियम केलाय. तारा फ्रेमच्या मध्यावर ठेवायचा, कडेला लेन्सच उजेड खाते.

मोजणी अशी: तबकडीच्या आतल्या सगळ्या निळ्या पिक्सेलची बेरीज, हिरव्यांची बेरीज, दोन्हीतून भोवतालच्या आकाशाचा उजेड वजा, मग गुणोत्तर, आणि गुणोत्तराचा लॉगरिदम घेऊन प्रतीच्या भाषेत फरक. पायथॉनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली.

१५ जानेवारी

ढग.

१९ जानेवारी

ढग अजून हटेनात तर घरातल्या घरात दुसरं काम उरकलं. तारे मोजायच्या आधी ज्याचं तापमान मला खात्रीनं माहीत आहे असं काहीतरी मोजलेलं बरं. अशी वस्तू सगळ्यांना ओळखीची आहे, फिलामेंटचा बल्ब. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब घेतला आणि कमी-जास्त करता येणारा डीसी सप्लाय.

टंगस्टनची गंमत अशी की ते तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि किती वाढतो याचे तक्ते शंभर वर्षांपासून तयार आहेत. खोलीच्या तापमानाला जो रेझिस्टन्स असेल त्याच्या सुमारे ७ पट झाला की १५०० केल्विन, १० पट म्हणजे २००० केल्विन, १३ पट म्हणजे २५००. म्हणजे व्होल्टेज आणि करंट वाचला की तापमान हातात, थर्मामीटर वगैरे काही नको. अडचण फक्त थंड बल्बच्या रेझिस्टन्सची, तो अर्धा ओहम वगैरे असतो आणि मल्टीमीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा भरतो. म्हणून वीस मिलिअँपिअर एवढाच करंट सोडला, जेणेकरून फिलामेंट तापणार नाही, आणि वेगळ्या दोन वायरींनी थेट बल्बच्या टोकांवरचे मिलिव्होल्ट वाचले. करंटच्या वायरी वेगळ्या, व्होल्टेजच्या वेगळ्या. कोणाला हे करायचं असेल तर हा भाग टाळू नका, कारण पुढची सगळी तापमानं याच एका आकड्यानं भागून येतात.

पूर्ण १२ व्होल्टला गुणोत्तर १४ च्या आसपास, म्हणजे साधारण २६५० केल्विन. मग हळूहळू खाली आणत प्रत्येक टप्प्यावर फोटो. खाली येताना बल्ब नुसता मंद होत नाही, आधी निळा जातो. सगळ्यात आधी निळा, मग हिरवा, लाल शेवटपर्यंत तग धरतो. १५०० च्या आसपास निळ्या चॅनेलमध्ये जवळपास फक्त नॉइज उरला होता.

तापलेल्या कुठल्याही घट्ट किंवा दाट वस्तूतून सगळ्याच तरंगलांबींचा प्रकाश बाहेर पडतो, फक्त कुठल्या लांबीचा किती हे तापमान ठरवतं. फिलामेंट असो नाहीतर तारा, बाहेर येणाऱ्या प्रकाशाचा ढोबळ आकार तोच, वस्तू कशाची बनली आहे याला त्यात फार महत्त्व नाही. किर्खहॉफनं हे १८६० च्या सुमारास ओळखलं, त्या वक्राचं नेमकं सूत्र मात्र प्लांकला १९०० साली सापडलं. चाळीस वर्षं.

२४ जानेवारी

प्लांकचं सूत्र स्क्रिप्टमध्ये टाकलं आणि एक साधा प्रश्न विचारला: ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश आणि ६०० चा नारिंगी प्रकाश, यांचं गुणोत्तर तापमानाबरोबर कसं बदलतं? उत्तर बघून जरा वेळ तशीच बसले कारण माझ्या सगळ्या शंकेचं मूळ इथेच आहे.

२००० केल्विनला निळा नारिंगीच्या ०.०८ पट. बल्बच्या २६५० ला ०.२१. काक्षीच्या ३५०० ला ०.४३. सूर्याच्या ५७७२ ला १.०४, म्हणजे जवळपास बरोबरीत. व्याधाच्या ९९०० ला १.७८. राजन्यच्या १२,००० ला २.०. आता उडी मारून २५,००० ला जा, फक्त २.६. आणि तापमान कितीही वाढवलं, लाख, दहा लाख, कोटी, तरी हे गुणोत्तर ३.१६ च्या पुढे जातच नाही. चार तृतीयांशचा चौथा घात, तिथे भिंत आहे.

म्हणजे २००० वरून ३५०० ला जाताना रंग पाचपटीनं बदलतो, आणि १२,००० वरून २५,००० ला जाताना तीस टक्क्यांनी. तापमान दुप्पट झालं आणि रंग जागचा हलला म्हणेपर्यंत थांबला. अतितप्त ताऱ्यांचा उजेडाचा मुख्य भाग अतिनील पट्ट्यात असतो, आपल्याला आणि कॅमेऱ्याला दिसते ती त्या वक्राची नुसती उतरती शेपटी, आणि शेपटीचा उतार सगळ्या तप्त ताऱ्यांचा जवळपास सारखाच. शेपटी बघून जनावर केवढं आहे ते सांगायचं.

म्हणूनच गडद निळा तारा असा नसतोच. फोटोंमध्ये जे शाईसारखे निळे तारे दिसतात ते सॅच्युरेशनचा स्लायडर ओढल्यामुळे. कितीही तप्त तारा असो, त्याचा खरा रंग फिकट निळसर पांढरा, दिवसाच्या निरभ्र आकाशाच्या जातीतला. लाल बाजूला मात्र अशी भिंत नाही.

२ फेब्रुवारी

दोन-तीन रात्री स्वच्छ मिळाल्या. सगळे तारे आकाशात बऱ्यापैकी वर असताना घेतले. आडव्या अक्षावर कॅटलॉगमधला बी वजा व्ही, उभ्या अक्षावर माझ्या कॅमेऱ्याचा निळा वजा हिरवा. व्याध, राजन्य, प्रश्वा, ब्रह्महृदय आणि रोहिणी यांच्यातून सरळ रेघ जाते. उतार एकपेक्षा कमी आहे, ते अपेक्षितच होतं, कॅमेऱ्याचे निळे आणि हिरवे फिल्टर एकमेकांत बरेच घुसलेले असतात त्यामुळे फरक दाबला जातो. रेघ सरळ आहे हे महत्त्वाचं, उतार काय, भागून घेता येतो. शेजारशेजारच्या रात्रींचे आकडे ०.०५ च्या आत जुळतात. घरगुती सामानाला हे मी चांगलं म्हणेन.

काक्षी तेवढी रेघेवर बसत नाही, बाजूला सरकते. याचं कारण मला आवडलं. काक्षीसारख्या तुलनेनं थंड ताऱ्याच्या वातावरणात रेणू टिकून राहतात, मुख्य म्हणजे टायटॅनियम ऑक्साइड, आणि तो हिरव्या-पिवळ्यापासून लालपर्यंत प्रकाशाचे रुंदच्या रुंद पट्टे गिळतो. सूर्यासारख्या ताऱ्यात हे रेणू टिकतच नाहीत, तुटून जातात. पट्टे नेमके कुठे पडतात आणि कॅमेऱ्याचा हिरवा फिल्टर नेमका कुठे सुरू होऊन कुठे संपतो यावर आकडा हलतो. वर परत असं की तापमान आणखी उतरलं की हे पट्टे हिरवा-पिवळा भाग आणखी खातात, त्यामुळे निळा आणि हिरवा दोन्ही बरोबरच घटतात आणि त्यांचा फरक वाढेनासा होतो. साधारण ३८०० च्या खालचे लाल राक्षसी तारे बघितले तर तापमान उतरतं पण बी वजा व्ही दीड-पावणेदोनच्या आसपास घोटाळत राहतो. म्हणजे प्लांकच्या सूत्राला लाल बाजूला भिंत नाही पण खऱ्या ताऱ्याला आहे, रसायनशास्त्रानं बांधलेली. तिथे खगोलवाले अवरक्तात जाऊन मोजतात.

काक्षीच्या १.८५ मध्ये धुळीचाही हात आहे, वाटेतल्या आणि तिनं स्वतःच उधळलेल्या. २०१९ च्या शेवटी ती मंद व्हायला लागली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीपर्यंत उतरली तेव्हा आता स्फोट होणार म्हणून केवढा गलका झाला होता, निघालं काय तर पृष्ठभागाचा एक भाग थंड झाला आणि तिनं आधी फेकलेल्या वायूची धूळ होऊन समोर आली.

एक जाता जाता: काक्षी आणि राजन्य आपल्याला साधारण तोडीस तोड तेजस्वी दिसतात, पण राजन्यचा एक चौरस मीटर काक्षीच्या एक चौरस मीटरपेक्षा सव्वाशे पटीहून जास्त ऊर्जा फेकतो, कारण ती तापमानाच्या चौथ्या घातानं वाढते. काक्षी बरोबरी करते ती निव्वळ आकाराच्या जोरावर.

९ फेब्रुवारी

डोळ्यांचा प्रयोग. घरातल्यांना आणि भाचीला दुर्बिणीतून एकेक तारा दाखवला आणि दुसऱ्याला न सांगता रंग लिहायला लावला. काक्षीवर एकमत, नारिंगी. रोहिणीही. ब्रह्महृदयाला कोणी पिवळा कोणी पांढरा. राजन्यला भाचीनं निळा लिहिलं, बाकीच्यांनी सरळ पांढरा. नंतर लक्षात आलं की तिनं काक्षी बघून लगेच राजन्य बघितला होता, डोळा नारिंगीला सरावला की शेजारचा पांढराही निळा वाटतो. एकोणिसाव्या शतकातल्या निरीक्षकांनी जोडताऱ्यांचे रंग जांभळट, राखाडी असे काय काय लिहून ठेवलेत ते यातूनच आलेलं आहे. हंस तारकासमूहातला अल्बिरिओ हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण, सोनेरी आणि निळा, एकमेकांपासून ३५ विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). दोघांच्या रंगात फरक खराच आहे पण निळ्याचा निळेपणा अर्धा शेजाऱ्यामुळे.

आणि मुळात बहुतेक तारे पांढरे का दिसतात, तर अंधारात काम करणाऱ्या रॉड पेशींमध्ये एकच रंगद्रव्य असतं, त्यांना उजेड कमी-जास्त कळतो, रंग कळत नाही. रंग कळतो तो कोन पेशींना आणि त्यांना भरपूर उजेड लागतो. त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी रंग जाणवतो तो पहिल्या-दुसऱ्या प्रतीच्या ठळक ताऱ्यांचाच. दुर्बीण लावली की तोच मंद तारा रंग दाखवायला लागतो. दुर्बिणीचा फोकस किंचित बिघडवा, आणखी नीट दिसतो, कॅमेऱ्यासारखंच.

२१ फेब्रुवारी

हवेचा हिशोब. आज व्याध आकाशात वरपासून खालपर्यंत उतरताना ठरावीक वेळानं घेत राहिले. डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश हवेचा एक थर ओलांडून येतो असं धरलं तर ३० अंशांवर दोन थर, १० अंशांवर साडेपाचच्या वर. आणि हवा निळा प्रकाश जास्त विखुरते. स्वच्छ हवेत दर थरामागे बी वजा व्ही साधारण ०.१ नं लालकडे सरकतो. म्हणजे १० अंशांवरचा शुभ्र व्याध आकड्यात प्रश्वासारखा दिसायला लागतो, ९९०० चा तारा ६५०० चा वाटतो! माझ्या मोजणीत फरक याहूनही जास्त आला, हवेत धूळ आणि बाष्प होतं. त्यामुळे नियम: ४० अंशांच्या खालचा तारा मोजायचा नाही, आणि नाइलाज असेल तर त्याच उंचीवरच्या ओळखीच्या ताऱ्याशी तुलना करायची.

खालचा व्याध डोळ्यांना लाल-हिरवा-निळा असा चमचमताना दिसतो, त्याला लोक विमान समजतात, काही तर उडती तबकडी. हवा निळ्याला लालपेक्षा थोडं जास्त वळवते, त्यामुळे क्षितिजाजवळ प्रत्येक रंगाची वाट थोडी वेगळी, आणि प्रत्येक वाटेवरची हवा आपापल्या तालात हलते. कधी लाल पुढे, कधी निळा. कॅमेरा एक्सपोजर चालू असताना हातानं हलवला तर फोटोत रंगीबेरंगी मण्यांची माळ येते. हा रंग ताऱ्याचा नाही, आपल्या हवेचा.

६ मार्च

भाचीचा प्रश्न: मावशी, हिरवा तारा का नाही? सूर्याचं शिखर तर ५०२ नॅनोमीटरला, हिरव्यात.

बरोबर आहे, वीननं १८९३ मध्ये दिलेल्या नियमानं २८९८ भागिले ५७७२ करा, मायक्रोमीटरमध्ये तेच येतं. पण शिखर हिरव्यात असलं तरी वक्र इतका रुंद आहे की दोन्ही बाजूंचा लाल आणि निळाही भरभरून येतो आणि सगळं मिळून पांढरं. हिरवा दिसायला फक्त हिरवा उरायला हवा, तापलेली वस्तू तसं कधीच करत नाही. तापमान वाढवत नेलं तर रंग लाल, नारिंगी, पिवळट, पांढरा, निळसर असा जातो, हिरव्याला वळसा घालून.

शिखराचा हट्ट सोडायला आणखी एक कारण आहे. तोच सूर्यप्रकाश तरंगलांबीऐवजी वारंवारतेच्या अक्षावर मांडला तर शिखर ८८० नॅनोमीटरच्या आसपास पडतं, म्हणजे अवरक्तात! प्रकाश तोच, सूर्य तोच, फक्त आलेखाचा अक्ष बदलला. डोळ्याला जाणवतो तो दृश्य पट्ट्यातला चढ-उतार, लाल टोकाकडे कल आहे की निळ्या. मी मोजतेय तेही तेच.

१२ एप्रिल

मृग मावळतीला लागला, यादी बदलली. स्वाती १.२३, तापमान साधारण ४३००, रेघेवर बरोबर बसली आणि रेघेवरून मी काढलेलं तापमान शंभर-दीडशे केल्विनच्या आत आलं. खूश.

मग चित्रा. चित्रा म्हणजे दोन तारे अगदी जवळ, चार दिवसांत एकमेकांभोवती फिरणारे, मोठा साधारण २५,००० केल्विनचा. माझ्या आकड्यातली नेहमीची ०.०५ ची हलचल स्वातीच्या बाबतीत शंभर केल्विन इतकीच होती, इथे तीच हलचल चार-पाच हजार केल्विन होते. मी फार तर एवढं म्हणू शकते की चित्रा व्याधापेक्षा नक्की तप्त आहे. जानेवारीत कागदावर जी भिंत दिसली होती तिला आज डोकं आपटलं.

१० मे

रंगावरून तापमान सांगण्याची खोड मोडायला भुजंगधारीतला झीटा तारा पुरेसा आहे. प्रत २.६, त्यामुळे आयएसओ वाढवून आणि बरेच फोटो एकत्र करून मोजावा लागला. बी वजा व्ही ०.०२. म्हणजे रंगानं बघाल तर व्याधाचा भाऊ, दहा हजारच्या आसपासचा. प्रत्यक्षात त्याचं तापमान ३४,००० च्या घरात आहे! त्याच्या जातीच्या ताऱ्याचा रंग उणे ०.३० असायला हवा, पण वाटेतल्या धुळीनं ०.३२ इतका निळा खाल्लाय. ताऱ्यांमधली जागा रिकामी नाही, तिथे धूळ आहे आणि ती प्रकाश मंद करते, लालसर करते, हे ट्रम्पलरनं १९३० मध्ये तारकागुच्छ मोजून दाखवलं. तोपर्यंत अंतरं काढणाऱ्या सगळ्यांचे हिशोब या धुळीमुळे बिघडत होते.

आता एक निळा-हिरवा आकडा घेऊन मी बसले तर हा तारा व्याधासारखा आहे की तिप्पट तापलेला आणि धुळीमागचा, हे मला कोणत्याही युक्तीनं कळणार नाही. एका आकड्यात दोन गोष्टी गुंतल्यात.

२५ मे

म्हणून ग्रेटिंग, म्हणजे बारीक रेघांनी प्रकाशातले रंग वेगळे पसरवणारी फिल्म. मिलिमीटरला ५०० रेघांची फिल्म लेन्ससमोर लावली. इथे फोकस पुन्हा अगदी धारदार हवा, जानेवारीतलं सगळं उलटं. ५० मिमीच्या लेन्सनं ४०० ते ७०० नॅनोमीटरचा वर्णपट सेन्सरवर साडेसात-आठ मिलिमीटर लांब पडतो आणि ग्रेटिंग प्रकाश इतका वळवतं की कॅमेरा ताऱ्यापासून सोळाएक अंश बाजूला रोखावा लागतो, तारा स्वतः फ्रेममध्ये नसतोच. ट्रॅकर नाही याचा इथे फायदा झाला: वर्णपट उत्तर-दक्षिण पडेल अशी फिल्म फिरवली, मग पृथ्वीच्या फिरण्यानं तारा पूर्व-पश्चिम सरकतो आणि बारीक रेषेची आपोआप रुंद पट्टी होते. पट्टी झाली की काळ्या रेषा दिसतात.

अभिजितमध्ये हायड्रोजनच्या रेषा ठसठशीत, ४८६ नॅनोमीटरची तर स्क्रीनवर लांबून दिसते. चित्रामध्ये त्याच जागी त्या कितीतरी फिक्या. दोघांच्या रंगात नजरेला जाणवेल असा फरक नाही आणि रेषांमध्ये एवढा.

फिक्या का, तर हायड्रोजन कमी आहे म्हणून नाही. दृश्य प्रकाशातल्या या रेषा उमटायला अणूतला इलेक्ट्रॉन दुसऱ्या पायरीवर असावा लागतो. दहा हजारच्या आसपास असे अणू सगळ्यात जास्त मिळतात. त्याहून तापवलं की इलेक्ट्रॉन अणू सोडूनच जातो आणि रेषा उमटवायला कोणी उरत नाही. कुठल्या तापमानाला आणि दाबाला किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटलेले असतील याचं समीकरण मेघनाद साहांनी १९२० मध्ये दिलं. त्याआधी हार्वर्डमध्ये ॲनी जम्प कॅननबाईंनी लाखो ताऱ्यांचे वर्णपट डोळ्यांनी बघून ओ, बी, ए, एफ, जी, के, एम अशी रांग लावून ठेवलीच होती, पण ती रांग नेमक्या किती तापमानांची हे साहांच्या समीकरणामुळे आकड्यात मांडता आलं, आणि १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांनी त्यावरूनच तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत हे दाखवलं. धूळ सगळ्या शेजारच्या तरंगलांबी सारख्याच मंद करते, एखादी बारीक रेषा तिला पुसता किंवा उमटवता येत नाही. त्यामुळे झीटासारख्या ताऱ्याचं बिंग रेषांमध्येच फुटतं, तिथे आयनीभूत, म्हणजे एक इलेक्ट्रॉन सुटलेल्या, हेलियमच्या रेषा असतात आणि त्या दहा हजारला येऊच शकत नाहीत. माझ्या लेन्सला झीटाचा वर्णपट झेपत नाही, फार मंद पडतो.

३० मे

ज्येष्ठा राहिली होती ती आज घेतली, १.८३, काक्षीसारखीच रेघेवरून सरकते, त्याच बाजूला आणि जवळपास तेवढीच. कारण टायटॅनियम ऑक्साइडच, यावर शिक्कामोर्तब झालं म्हणायला हरकत नाही.

स्क्रिप्ट बदलली. बी वजा व्ही ०.१ ते १.५ च्या मध्ये आला तर तापमान छापते, त्याच्या खाली किंवा वर गेला तर तापमानाचा रकाना रिकामा सोडते आणि शेजारी लिहिते: वर्णपट बघा.